एकत्र कधीच न फुललेली फुलं

द हेग शहरातल्या माउरित्सहाउस संग्रहालयात फुलांचं एक चित्र आहे. उंची 64 सेंटिमीटर, रुंदी 46. कमानदार खिडकीत काचेचं फुलपात्र ठेवलंय आणि त्यात ट्युलिप, गुलाब, आयरिस अशा फुलांचा भरगच्च गुच्छ आहे. मागे दूरवर निळसर होत गेलेला मुलूख दिसतो. प्रत्येक फुलाला स्वतःची जागा मिळाली आहे. पाकळीवरची शीर, देठावरची लव, काचेतून दिसणारं पाणी, सगळं इतकं स्वच्छ दिसतं की चित्राजवळ गेलेला माणूस नकळत श्वास धरतो. अँब्रोसियस बॉसखार्ट या चित्रकाराने ते 1618 च्या सुमाराला रंगवलं.

थोडा वेळ थांबलं की आणखी काही गोष्टी दिसू लागतात. काही पानं किडीने कुरतडली आहेत. एक माशी बसली आहे, एक सुरवंट चढतो आहे. खिडकीच्या कट्ट्यावर दूरदेशीचे शिंपले आहेत आणि शेजारी देठापासून सुटलेलं एक कार्नेशन पडलं आहे. आणि फुलांची थोडीफार माहिती असेल, तर सगळ्यात विलक्षण गोष्ट लक्षात येते: हा गुच्छ प्रत्यक्षात कुणीही पाहिलेला नाही. नेदरलँड्समध्ये ट्युलिप एप्रिल-मे महिन्यांत फुलतं आणि गुलाब जूनमध्ये बहरतो. पहिला गुलाब उमलेपर्यंत ट्युलिपच्या पाकळ्या मातीत मिसळून गेलेल्या असतात. शीतगृहं आणि विमानं नसलेल्या त्या काळात ही फुलं एका पात्रात येणं शक्य नव्हतं. ती एकत्र आली फक्त चित्रात.

पुष्पचित्रांबद्दल बोलताना प्रतीकांची यादी लगेच पुढे केली जाते: कवटी म्हणजे मृत्यू, लिली म्हणजे पावित्र्य, फुलपाखरू म्हणजे आत्मा. यादी खोटी नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर चित्राचा मोठा भाग हातातून निसटतो. या चित्रांत सौंदर्य वरवरचं आणि अर्थ आत दडवलेला, अशी वाटणी करता येत नाही. फूल जितकं जीव ओतून रंगवलं आहे, तितकीच त्याच्या क्षणभंगुरतेची जाणीव तीव्र होते. या प्रकरणात आपण हेच पाहणार आहोत.

वेदीवरून दिवाणखान्यात

युरोपीय चित्रकलेत फुलं आधी आली ती धर्मचित्रांचा भाग म्हणून. ह्युगो व्हॅन देर गूस याने 1475 च्या सुमाराला एक मोठं वेदीचित्र रंगवलं. ब्रूजमध्ये राहणाऱ्या पोर्तिनारी या इटालियन व्यापाऱ्यासाठी काढलेलं हे चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे. मध्यभागी नुकताच जन्मलेला येशू जमिनीवर आहे, भोवती मरिया, देवदूत आणि मेंढपाळ आहेत. पण अगदी पुढे, पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ, चित्रकाराने गव्हाची पेंढी आणि फुलांची दोन पात्रं ठेवली आहेत. त्यांत लिली आहेत, आयरिस आहेत, कार्नेशन आणि कॉलंबाइन आहेत. आयरिसचं पान तलवारीसारखं, म्हणून ते पुढे मरियेच्या काळजात घुसणाऱ्या दुःखासाठी. गहू हा ख्रिस्ती उपासनेतल्या भाकरीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा संकेत. जन्माच्या प्रसंगातच चित्रकाराने पुढच्या वेदनेची सूचना देऊन ठेवली होती.

आणखी काही वर्षांनी, 1485 च्या आसपास, हान्स मेमलिंगने प्रार्थना करणाऱ्या एका तरुणाचं व्यक्तिचित्र काढलं आणि त्याच फळीच्या मागच्या बाजूला लिली, आयरिस व कॉलंबाइनने भरलेलं एक पात्र रंगवलं. पात्रावर येशूच्या नावाची अक्षरं आहेत. इथे माणूस नाही, प्रसंग नाही, फक्त फुलं आहेत. तरीही ते चित्र प्रार्थनेचाच भाग होतं. आज ते माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात आहे. फळीच्या मागच्या बाजूवर असलेल्या या पात्राला पुढच्या बाजूवर यायला जवळपास शंभर वर्षं लागली.

इसवी सन 1600 च्या सुमाराला तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे बाग. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लुसियस 1593 मध्ये लायडन विद्यापीठात आला. त्याने तिथल्या वनस्पती उद्यानात तुर्की साम्राज्यातून आलेल्या ट्युलिपचे कंद लावले आणि 1594 मध्ये त्यांना फुलं आली. अमेरिका खंडातून सूर्यफूल आणि झेंडू आले होते. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तोच त्या काळी उत्तर युरोपात अप्रूपाची वस्तू म्हणून चित्रांत विराजमान होत होता.

दुसरी गोष्ट स्थलांतर. स्पेनच्या सत्तेखालच्या अँटवर्पमधून हजारो प्रोटेस्टंट कुटुंबं उत्तरेकडे निघून आली. बॉसखार्टचं कुटुंब त्यांतलंच. ते मिडलबर्ग या बंदराच्या शहरात स्थायिक झालं. तिथे श्रीमंतांच्या खासगी बागा होत्या आणि दुर्मीळ फुलांचा षौक होता. बॉसखार्टचे तिन्ही मुलगे चित्रकार झाले. मेहुणा बाल्तासार व्हॅन देर आस्त त्याच्याच हाताखाली तयार झाला. अशा रीतीने एका घरातून पुष्पचित्रांची परंपराच उभी राहिली.

तिसरी गोष्ट बाजार. उत्तरेकडच्या सुधारणावादी चर्चमधून मूर्ती आणि चित्रं काढून टाकली गेली. वेदीचित्रांची मागणी आटली. त्याच वेळी व्यापाराने हातात पैसा आलेला मध्यमवर्ग घरात लावायला चित्रं विकत घेऊ लागला. त्याला संतांच्या कथा नको होत्या, ओळखीच्या वस्तू हव्या होत्या. वेदीपुढचं फुलपात्र असं दिवाणखान्याच्या भिंतीवर आलं. येताना त्याने आपले जुने धार्मिक संकेत पुरते मागे टाकले नाहीत.

ऋतू गोळा करणारे चित्रकार

मग वेगवेगळ्या महिन्यांतली फुलं चित्रकार एकत्र कशी आणत? याचं उत्तर काही पत्रांतून मिळतं. यान ब्रूगेल (थोरला) हा अँटवर्पचा चित्रकार. मिलानचे कार्डिनल फेडेरिको बोरोमेओ हे त्याचे मोठे आश्रयदाते. 1606 मध्ये ब्रूगेलने त्यांना कळवलं की एका पुष्पचित्राचं काम चालू आहे, त्यात शंभराहून अधिक फुलं असतील, सगळी प्रत्यक्ष पाहून रंगवलेली, आणि अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुलं पाहायला तो मुद्दाम ब्रसेल्सला जाऊन आला. एकेक फूल उमलण्याची वाट पाहत चित्र महिनोन्‌महिने पुढे सरकत होतं. ते आज मिलानच्या आंब्रोसियाना संग्रहालयात आहे. बाहेर हिवाळा असताना चित्रातली फुलं पाहून मन प्रसन्न होतं, असं बोरोमेओंनी लिहून ठेवलं आहे. ज्या हंगामात फूल मिळत नाही त्या हंगामात ते डोळ्यांपुढे असावं, ही या चित्रांमागची साधी आणि खोल इच्छा होती.

सगळेच चित्रकार ब्रूगेलसारखं करत नसत. बॉसखार्ट फुलांच्या अभ्यासचित्रांवरून काम करायचा. तेच ट्युलिप, तोच गुलाब त्याच्या वेगवेगळ्या चित्रांत पुन्हा भेटतो. हंगामात फूल कागदावर उतरवून ठेवायचं आणि पुढे गरजेप्रमाणे गुच्छात बसवायचं, अशी ती पद्धत होती.

दुसऱ्या टोकाला होता अॅमस्टरडॅमचा यान व्हॅन हॉइसम (1682–1749). आपल्या रंगांची आणि पद्धतीची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून तो चित्रशाळेत कुणाला येऊ देत नसे. 1742 मधल्या एका पत्रात त्याने गिऱ्हाइकाला चित्र अपुरं राहण्याचं कारण कळवलं: मागच्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही. एका फुलासाठी चित्र वर्षभर थांबलं होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका पुष्पचित्रावर 1736 आणि 1737 अशी दोन सालं आहेत. एका गुच्छात दोन वर्षांचे ऋतू सामावले आहेत.

ही माहिती प्रतीकांच्या चर्चेत सहसा येत नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक फूल आठ-दहा दिवसांत कोमेजून जाणारं. चित्रकार ते उमलताना गाठतो, रंगवतो, आणि पुढचं फूल येईपर्यंत थांबतो. चित्र पूर्ण होतं तेव्हा त्यातली बहुतेक फुलं कधीचीच गेलेली असतात. काळ निघून जातो हे सांगायला अशा चित्रात वेगळं घड्याळ ठेवण्याची गरजही नव्हती. चित्र तयार होण्याच्या रीतीतच काळ मुरलेला होता.

कवटी, बुडबुडा आणि फूल

तरीही घड्याळं ठेवली गेली, कवट्याही ठेवल्या गेल्या. जॅक द खेन (दुसरा) याचं 1603 सालचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. संसाराची नश्वरता हाच विषय असलेलं, आज माहीत असलेल्यांपैकी हे सर्वांत जुनं स्वतंत्र स्थिरचित्र मानलं जातं. कोनाड्यात कवटी आहे. तिच्यावर मोठा पारदर्शक बुडबुडा तरंगतो. एका बाजूला पात्रात ट्युलिप, दुसऱ्या बाजूला धुराचं पात्र, खाली नाणी. वर दगडात कोरल्यासारखे दोन ग्रीक तत्त्वज्ञ आहेत: जगाकडे पाहून हसणारा डेमोक्रिटस आणि रडणारा हेराक्लिटस. धूर, बुडबुडा, नाणं, फूल, सगळी एकाच माळेतली. माणसाचं आयुष्य रानफुलासारखं आहे, वारा आला की त्याचा मागमूस उरत नाही, हा बायबलमधल्या स्तोत्रांचा आणि यशयाच्या ग्रंथाचा भाव त्या काळच्या प्रत्येक वाचकाला पाठ होता.

अर्थ लावायला आणखी एक साधन होतं: प्रतीकग्रंथ. एक छोटं चित्र, वर बोधवाक्य, खाली स्पष्टीकरण, अशा मांडणीची ही पुस्तकं घरोघर वाचली जात. याकोब काट्सची अशी पुस्तकं विलक्षण लोकप्रिय होती. रूमर व्हिसरने 1614 च्या आपल्या संग्रहात ट्युलिप हे मूर्खपणे पैसा उधळण्याचं चिन्ह म्हणून दाखवलं. दुर्मीळ शिंपले जमवणाऱ्यांनाही त्याने सोडलं नाही. हे शिंपले, चिनी मातीची भांडी आणि नवलाच्या वस्तू डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येत. याच कंपनीने 1637 मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली. बॉसखार्टच्या कट्ट्यावरचे शिंपले समुद्रापारचं वैभव मिरवतात. आणि आतला जीव गेल्यावर उरलेलं ते रिकामं कवच आहे, हेही त्याच वेळी दिसतं.

मग गुच्छातल्या एकेका फुलाचा अर्थ काय? सूर्याकडे तोंड वळवणारं सूर्यफूल निष्ठेचं. अफूचं फूल झोपेचं आणि मृत्यूचं. कॉलंबाइनच्या पाकळ्या कबुतरांसारख्या दिसतात, म्हणून ते पवित्र आत्म्याचं. गव्हाची लोंबी पुनरुत्थानाची, कारण दाणा मातीत जातो तेव्हाच नवं रोप येतं. सुरवंट कोषात जातो आणि फुलपाखरू होऊन बाहेर पडतो, म्हणून फुलपाखरू मरणापलीकडे जाणाऱ्या आत्म्याचं. माशी कुजण्याची आठवण करून देते.

पण या यादीचा उपयोग जपूनच करायला हवा. एकाच फुलाचे अर्थ बदलत राहतात. गुलाब मरियेचा आहे, तसाच तो प्रेमदेवता व्हीनसचाही आहे, आणि सकाळी उमलून लवकर झडणाऱ्या तारुण्याचाही. अँथनी व्हॅन डाइकने 1630 च्या दशकात स्वतःचं चित्र सूर्यफुलासोबत काढलं. तिथे सूर्यफुलाची निष्ठा देवाकडे वळलेली नाही, त्याच्या आश्रयदात्या इंग्लंडच्या राजाकडे वळलेली आहे. लग्न ठरलेल्या तरुणाच्या हातातलं कार्नेशन वेगळं आणि मरियेच्या चित्रातलं वेगळं.

म्हणूनच कला-इतिहासकारांमध्ये या विषयावर मोठा वाद झाला. एडी द यॉंग यांनी 1976 मध्ये अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या प्रदर्शनातून मांडलं की डच चित्रं साधी दिसली तरी त्यांत नीतिबोध गुंफलेला आहे आणि तो प्रतीकग्रंथांच्या मदतीने वाचता येतो. स्वेतलाना आल्पर्स यांनी 1983 च्या पुस्तकात उलट बाजू मांडली. ही चित्रं म्हणजे कोडी नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. भिंगं, नकाशे आणि सूक्ष्मदर्शक घडवणाऱ्या समाजाने जग डोळ्यांनी समजून घेण्यासाठी केलेलं ते वर्णन आहे.

दोन्ही बाजूंचा आदर राखून असं वाटतं की त्या काळच्या माणसाला ही फारकत कळलीच नसती. नेदरलँड्सच्या सुधारणावादी चर्चने स्वीकारलेल्या 1561 च्या श्रद्धापत्रकात संपूर्ण सृष्टीकडे ईश्वराला ओळखण्याचा एक ग्रंथ म्हणून पाहिलं आहे. लहानमोठे सगळे जीव ही त्यातली अक्षरं. असं मानणाऱ्यासाठी फुलाची एकेक शीर नीट पाहणं म्हणजेच वाचन होतं. सुरवंटाने खाल्लेलं पान अचूक रंगवणं हे निरीक्षण होतं आणि उपासनाही होती.

आजारातून आलेली नक्षी

ट्युलिपची कथा या सगळ्याला वेगळंच वळण देते. पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीवर लाल, जांभळ्या ज्वाळांसारखे पट्टे असलेली ट्युलिप त्या काळी सर्वांत मौल्यवान होती. ‘सेम्पर ऑगस्टस’ ही पांढऱ्यावर तांबड्या ज्वाळांची जात सर्वांत प्रसिद्ध. साधा एकरंगी कंद एखाद्या वर्षी अचानक अशा पट्ट्यांची फुलं देऊ लागे. असं का होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. माळ्यांनी माती बदलून पाहिली, खतं बदलून पाहिली.

1636–37 च्या हिवाळ्यात कंदांचे सौदे शिगेला पोहोचले. कंद अजून जमिनीत असतानाच कागदावर हात बदलत होते. काही कंदांची किंमत कसबी कारागिराच्या अनेक वर्षांच्या कमाईएवढी झाली. फेब्रुवारी 1637 मध्ये बाजार कोसळला. त्यामुळे सारा देश बुडाला, अशी कथा पुढे रुजली. अॅन गोल्डगार यांनी 2007 च्या संशोधनात दाखवलं की नुकसान मर्यादित व्यापाऱ्यांपुरतं होतं. खरा धक्का बसला तो लोकांच्या परस्परांवरच्या विश्वासाला.

पट्ट्यांचं कारण कळायला 1928 साल उजाडलं. इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी दाखवलं की हा बदल एका कंदाकडून दुसऱ्या कंदाकडे संसर्गाने जातो. ते एका विषाणूचं काम निघालं. आपल्या शेतकऱ्याला चांगलाच माहीत असलेला मावा हा विषाणू एका रोपावरून दुसऱ्यावर नेतो. विषाणूमुळे पाकळीतला वरचा रंग जागोजाग नीट तयार होत नाही आणि खालचा पांढरा किंवा पिवळा रंग पट्ट्यांच्या रूपात दिसू लागतो. त्याच वेळी कंद अशक्त होत जातो, त्याला पिल्लं कमी येतात. म्हणजे फूल दुर्मीळ होतं ते आजारामुळे आणि सुंदर दिसत होतं तेही आजारामुळेच.

चित्रकारांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते पट्टे सौंदर्याचा कळस म्हणून रंगवले. आज आपण त्यांची चित्रं पाहतो तेव्हा गुच्छातली सर्वांत देखणी फुलं ही सर्वांत आजारी फुलं होती, हे आपल्याला कळतं. सौंदर्य आणि ऱ्हास एकाच पाकळीत असतात, हे या चित्रांचं सांगणं इतक्या अक्षरशः खरं असेल, अशी कल्पना त्या चित्रकारांनीही केली नसेल.

राखेल रॉइसची बाग

या परंपरेचं शिखर एका स्त्रीने गाठलं. राखेल रॉइस 1664 मध्ये द हेगमध्ये जन्मली आणि अॅमस्टरडॅममध्ये वाढली. वडील फ्रेडरिक रॉइस नामवंत शरीरशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. मृतदेह आणि अवयव टिकवून ठेवण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या घरातला संग्रह पाहायला दुरून लोक येत. पुढे 1717 मध्ये रशियाच्या सम्राट पीटरने तो 30,000 गिल्डरला विकत घेतला. टिकवलेले जीव, वाळवलेली फुलं, कीटक, शिंपले यांच्या सहवासात राखेलचं बालपण गेलं. पंधराव्या वर्षी ती विलेम व्हॅन आल्स्त या नावाजलेल्या चित्रकाराकडे शिकायला लागली.

अॅमस्टरडॅमचं वनस्पती उद्यान हे तेव्हा जगभरातल्या रोपांचं केंद्र होतं. वडील तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत. त्याच शहरात 1678 पासून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ छापला जात होता. त्याच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन नागरी लिपीत छापलेलं आहे. कोकणी बोलणाऱ्या वैद्यांचं ज्ञान आणि डच चित्रकारांची फुलं एकाच शहरात, एकाच कुतूहलापोटी कागदावर आणि कापडावर उतरत होती.

राखेलचे गुच्छ बॉसखार्टसारखे समोरासमोर, सममित नाहीत. एखादा देठ खालच्या कोपऱ्यातून निघतो, गुच्छ वळणावळणाने वर चढतो आणि दुसऱ्या टोकाला एखादी फांदी अंधारात झेपावते. काही फुलं पाठमोरी आहेत. एखादं अफूचं फूल मान टाकून लोंबतं. मागची गडद छाया पुढच्या पाकळीला उजेडात ढकलते. फुलं आता पात्रात मांडलेली वाटत नाहीत. ती हलतात, वाकतात, थकतात.

तिच्या कारकिर्दीकडे पाहिलं की पुष्पचित्र म्हणजे घरबसल्या करायचं हलकंफुलकं काम, हा समज गळून पडतो. 1701 मध्ये द हेगच्या चित्रकार संघाने तिला सदस्य करून घेतलं, ती तिथली पहिली स्त्री. पुढे ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची ती चित्रकार झाली. चित्रकार युरिआन पोलशी लग्न झालं, दहा मुलं झाली, आणि ती ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांची होईपर्यंत रंगवत राहिली. तिच्या चित्रांना 750 ते 1,200 गिल्डर मिळत. रेम्ब्रांटला हयातीत एका चित्राचे 500 गिल्डरहून जास्त क्वचितच मिळाले होते.

ती एकटी नव्हती. मारिया व्हॅन ओस्टरवाइकने 1668 मध्ये रंगवलेलं नश्वरतेचं चित्र व्हिएन्नात आहे. त्यात फुलं, कवटी, वाळूचं घड्याळ आणि आकाशाचा गोल आहेत. एक उंदीर धान्य कुरतडतो आहे. काचेच्या एका कुपीवर नीट पाहिलं तर चित्रकर्तीचं प्रतिबिंब दिसतं. सगळं नाहीसं होणार हे सांगणाऱ्या चित्रात तिने स्वतःलाही वगळलं नाही.

रंगांनाही आयुष्य असतं

फूल मरतं, चित्र टिकतं. या चित्रांविषयीचं हे नेहमीचं समाधान. पण चित्रही बदलत असतं.

जुन्या पुष्पचित्रांत कित्येकदा पानं विचित्र निळी दिसतात. चित्रकाराने ती निळी रंगवली नव्हती. टवटवीत हिरवा मिळवण्यासाठी निळ्यावर वनस्पतींपासून काढलेल्या पिवळ्या रंगाचा पातळ थर दिला जाई किंवा दोन्ही मिसळले जात. वनस्पतीजन्य पिवळा उजेडाने उडून गेला, खनिज निळा मागे राहिला. व्हॅन हॉइसमच्या गुच्छांतही असं घडलं आहे.

आणखी नेमकं उदाहरण अब्राहम मिन्यॉनच्या चित्राचं. राइक्सम्युझियममधल्या त्याच्या या गुच्छाशेजारी एक खिशातलं घड्याळ ठेवलेलं आहे. गुच्छातला पिवळा गुलाब आज सपाट, खडबडीत, निर्जीव दिसतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या गुलाबातल्या मूलद्रव्यांचा नकाशा तयार केला. गुलाबाचे उजेडातले भाग हरताळाने रंगवलेले होते. आपल्याकडे पोथ्यांतली चूक झाकायला लावत तोच हा आर्सेनिक असलेला सोनेरी पिवळा पदार्थ. उजेडामुळे त्याचं रूपांतर रंगहीन संयुगांत झालं होतं. आर्सेनिकच्या नकाशात मात्र मिन्यॉनचे मूळचे फटकारे स्पष्ट दिसले: गोलाई असलेला, उजेड झेलणारा, पाकळी पाकळी सुटी असलेला गुलाब.

दोनशे वर्षांनंतरही हेच घडलं. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने मे 1890 मध्ये रंगवलेले गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. ते गुलाबी होते. त्याने वापरलेला तांबडा उजेडात टिकला नाही.

हे कळल्यावर चित्राची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. नश्वरतेविषयी बोलणारं चित्र स्वतः त्या नियमातून सुटलेलं नाही. तरीही मिन्यॉनने एका गुलाबावर केलेली मेहनत साडेतीनशे वर्षांनी पुन्हा वाचता आली, ती त्याने प्रत्येक फटकारा मनापासून दिला होता म्हणूनच.

पाहायचं कसं

1667 मध्ये फ्रान्सच्या कला अकादमीत आंद्रे फेलिबियाँ याने विषयांची उतरंड लावली. इतिहास आणि पुराणातले प्रसंग सर्वांत वर, निर्जीव वस्तू आणि फुलं तळाशी. ही उतरंड दोन शतकं युरोपच्या कलाशाळांवर राज्य करत होती. आपल्याकडे शाळेत वस्तुचित्र ही चित्रकलेची पहिली पायरी मानतात, त्यातही तिचा दूरचा पडसाद आहे. ब्रूगेल, राखेल रॉइस, व्हॅन हॉइसम यांच्या कामाने या उतरंडीला शब्दाविना उत्तर दिलं. विषय लहान होता, पण त्याला दिलेलं लक्ष कुठल्याही युद्धप्रसंगाला दिलेल्या लक्षाहून कमी नव्हतं.

असं चित्र कधी समोर आलं, संग्रहालयात, पुस्तकात किंवा पडद्यावर, तर आधी एकेक फूल निवडून घ्यावं आणि ते कुठल्या महिन्यातलं असेल याचा अंदाज करावा. गुच्छात किती ऋतू मावले आहेत ते कळतं. मग सर्वांत ताजं आणि सर्वांत कोमेजलेलं फूल शोधावं आणि त्या दोघांमधलं अंतर पाहावं. त्यानंतर पानांच्या कडांवर, कट्ट्याच्या कोपऱ्यांत कीटक शोधावेत. एखादं पान निळं किंवा एखादं फूल विनाकारण फिकं वाटलं, तर मूळचा रंग मनात परत आणून पाहावा. शेवटी उजेड कुठून येतो आणि कुठल्या पाकळीवर थांबतो ते पाहावं, कारण चित्रकाराने आपलं मन तिथेच ठेवलेलं असतं. प्रतीकांची यादी त्यानंतर उघडावी. तोवर अर्थाचा बराचसा भाग नजरेने आधीच मिळवलेला असतो आणि यादी त्याला फक्त नाव देते.